दिवा लावला म्हणून रस्ता खुला होत नाही

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याची आपली रीत आहे. अर्थशास्त्राला हे विधान मान्य होण्यासारखे नाही. हौसेला मोल असतेच. प्रश्न एवढाच असतो की, ते मोल कोण चुकते करतो? हौस करणारा, की त्याच्या वाटेत येणारा तिऱ्हाईत? मातीत आणि खडकांत चालविण्यासाठी बनविलेली मोटारसायकल, जी ‘डर्ट बाइक’ या नावाने ओळखली जाते, ती शहराच्या रस्त्यावर आणण्याचा जो खटाटोप काही तरुण करीत असतात, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

नवी मुंबईत हा मोह होणे स्वाभाविक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे आखीव शहर उभे राहू लागले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकच्या आणि खारघरच्या टेकड्या, आणि मधून पाम बीच मार्गासारखा सरळ, रुंद रस्ता. घराच्या गच्चीवरून टेकडीची पायवाट दिसते. पण तेथवर पोहोचायचे तर चार सिग्नल आणि एखादा उड्डाणपूल ओलांडावा लागतो. मातीसाठी जन्मलेले यंत्र पहिल्या सिग्नलपाशीच बेकायदा ठरते. टेम्पोत घालून न्यावे, तर प्रत्येक फेरीला भाडे मोजावे लागते. मग विचार सुचतो की एक दिवा, एक हॉर्न आणि दोन आरसे बसवून हिलाच रस्त्याची गाडी का करू नये?

समजा, कोपरखैरण्यात राहणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचे आणि शिकवण्यांचे पैसे साठवून, शर्यतींत वापरून झालेली अशी एक गाडी विकत घेतली. गल्लीतला मेकॅनिक त्याला सांगतो, “दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं बसवून देतो रे. पासिंगचं नंतर बघू.” घरी आल्यावर वडील एकच प्रश्न विचारतात, “हिचे कागद कुठे आहेत?” मेकॅनिकला यंत्र कळते आणि वडिलांना, सारा जन्म कचेरीत गेल्यामुळे, कागद कळतो. या प्रकरणात दुर्दैवाने वडिलांचा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

यंत्रात काय उणे असते?

आधी यंत्राकडे पाहू. शर्यतीची डर्ट बाइक हलकी असावी म्हणून तिच्यातून अनावश्यक ते सर्व काढून टाकलेले असते. पुढचा दिवा नाही, मागचा दिवा नाही, ब्रेक दाबताच पेटणारा लाल दिवा नाही, वळण दाखविणारे इंडिकेटर नाहीत, वेग दाखविणारा काटा नाही, क्रमांकाची पाटी लावायला जागाही नाही. एवढ्या वस्तू बाजारात मिळतात. पण त्या पेटविण्यासाठी वीज लागते. मोटोक्रॉसच्या अनेक गाड्यांत विजेची निर्मिती इंजिनाला ठिणगी देण्यापुरतीच असते. दिवा बसविणे सोपे, तो सतत जळेल इतकी वीज निर्माण करणे अवघड. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागला पाहिजे, असा दंडक आहे.

टायरांचे तसेच. मोठ्या, विरळ ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर चिखलात रुतून पकड घेतात; पावसात भिजलेल्या डांबरावर मात्र त्या ठोकळ्यांची टोकेच तेवढी रस्त्याला लागतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी घसरत जाते. जुलै महिन्यातला शीव-पनवेल महामार्ग ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्यही किलोमीटरांत नव्हे तर तासांत मोजले जाते. जे यंत्र काही तासांच्या वापरानंतर तेल बदलावे आणि काही दहा तासांनंतर पिस्टन तपासावा या हिशेबाने बनविले आहे, ते वाशी ते बेलापूर रोजच्या ये-जा करण्यास योग्य नव्हे.

धूर आणि आवाज हे दोन विषय अधिक कठीण. १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे मानक लागू आहे. ते पूर्ण करण्यासाठी कारखान्यात इंधन मोजून सोडणारी यंत्रणा, धुरातील घातक वायू निवळणारा उत्प्रेरक आणि त्यांवर लक्ष ठेवणारी विजेची साधने बसवावी लागतात. आवाजाचीही मर्यादा आहे. १७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीसाठी ती कारखान्यातील चाचणीच्या वेळी ८० डेसिबल धरली जाते. शर्यतीचा सायलेन्सर या हिशेबाने बनविलेलाच नसतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये दिवा लागेल, हॉर्न वाजेल. पण धुराचे पृथक्करण करून आकडा लिहून देणारे यंत्र तेथे नसते.

कागद म्हणजे काय?

येथे वडिलांच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ३९ अन्वये नोंदणीवाचून कोणतेही वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. नवी मुंबईत ही नोंदणी वाशीच्या कार्यालयात एमएच-४३ या किंवा पनवेलच्या कार्यालयात एमएच-४६ या मालिकेत होते. नोंदणीसाठी दोन कागद मुख्य असतात : विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१, आणि निर्मात्याने दिलेले रस्त्यावरील योग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२. या दुसऱ्या कागदावर सारा भार आहे. गाडी धुराचे, आवाजाचे आणि सुरक्षिततेचे नियम पाळते, असे निर्माता त्यात लिहून देतो.

निर्माता हे कशाच्या आधारावर लिहितो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक निर्मात्याला किंवा आयातदाराला आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत : पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. तेथे एक नमुना उत्तीर्ण झाला की त्याबरहुकूम बनलेल्या हजारो गाड्या उत्तीर्ण मानल्या जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी परिवहन अधिकाऱ्यापुढे नेऊन दाखविण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. अधिकारी गाडी पाहत नाही. तो नमुन्यावर विश्वास ठेवतो.

डर्ट बाइकचा नमुना या संस्थांत कधी गेलेलाच नसतो, कारण ती रस्त्यासाठी विकलीच गेलेली नसते. २०१८ साली सुझुकीने आरएम-झेड मालिकेतील मोटोक्रॉसच्या दोन गाड्या भारतात आणल्या, त्या केवळ बंदिस्त मैदानासाठी. कावासाकीच्या केएक्स मालिकेची गोष्टही तीच. अशा गाडीचा मालक नमुना २२ मागावयास गेला, तर तो देणारा कोणी नाही. मालकाने तिला कितीही दिवे लावले तरी अर्जाचा तो रकाना रिकामाच राहतो. तिची नोंदणी नाकारली जाते ती अधिकाऱ्याच्या खोडसाळपणामुळे नव्हे. तिच्याविषयी हमी देणारा कोणी नाही म्हणून.

कारखाना करतो ते मालकाने का करू नये?

यावर तरुणांचा एक आक्षेप असतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. हीरो कंपनीने २०१९ साली एक्सपल्स २०० ही दुहेरी उपयोगाची मोटारसायकल बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘रॅली किट’ विक्रीस आले. त्यात उंच सस्पेन्शन आणि मातीचे टायर यांसारखे भाग होते. मात्र ते किट बसविलेली गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नव्हती. नंतर जुलै २०२२ मध्ये त्याच कंपनीने तशाच उंच सस्पेन्शनची ‘रॅली एडिशन’ थेट कारखान्यातून विकावयास काढली आणि ती मात्र रस्त्यावर कायदेशीर ठरली. तेव्हा तरुण विचारतो : गाडी तीच आणि सस्पेन्शनची जातही तीच, मग मालकाने बसविले की गुन्हा आणि कंपनीने बसविले की शोभा, हा कोठला न्याय?

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे आणि अर्थशास्त्राचेही. कायद्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात दिले. कलम ५२ चा अर्थ लावताना न्यायालयाने सांगितले की, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्थशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. नमुन्याची तपासणी हा स्थिर खर्च असतो. एक गाडी बनवा किंवा एक लाख, प्रयोगशाळेतील धुराची आणि ब्रेकची परीक्षा तीच आणि तेवढीच. कारखाना हा खर्च हजारो ग्राहकांत वाटून टाकतो. प्रत्येकाच्या वाट्याला तो किमतीत न जाणवण्याइतका येतो. एकट्या मालकाला तो एकट्यानेच सोसावा लागेल. म्हणजे ‘रॅली एडिशन’च्या ग्राहकाने जादा पैसे मोजले ते केवळ लांब सस्पेन्शनसाठी नव्हेत, त्यांत एका हमीची किंमतही होती. ती हमी गॅरेजमध्ये विकत मिळत नाही. स्वस्तात केलेला बदल स्वस्त वाटतो, कारण त्यातून हा खर्च वगळलेला असतो. वगळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडतो.

तिऱ्हाईताचे खाते

ते खाते कोणाचे? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. पादचाऱ्याने कोणतीही हौस केलेली नसते. तो भाजी घेऊन किंवा मुलाला शाळेतून घेऊन चाललेला असतो.

कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे तो या माणसासाठी. कलम १४६ मधील ही सक्ती वाहनाच्या मालकाचे रक्षण करण्याकरिता नाही. वाहनाखाली सापडणाऱ्याकरिता आहे. परंतु नोंदणी नसलेल्या डर्ट बाइकला असा विमा मिळण्याचा मार्गच नाही. तिने नेरूळच्या एखाद्या चौकात कोणाला जायबंदी केले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचा निवाडा देईल. पण तो स्वार स्वतः अजून बापाच्या पगारावर जगत असेल, तर वसुली होणार कोणाकडून? अशा वेळी त्या कोपरखैरण्यातल्या वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी हाच खरा विमा ठरतो. आणि स्वार अठरा वर्षांखालील असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला अगर वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. खुद्द मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. बारावीला चांगले गुण मिळाले म्हणून गाडी घेऊन देणाऱ्या पालकांनी हे कलम एकदा वाचावयास हवे.

केंद्रीय नियमांत १२३ क्रमांकाचा एक लहानसा नियम आहे. मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ आणि पाय ठेवावयाची जागा असावी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण असावे, असे तो सांगतो. बोलीभाषेत यालाच साडी-गार्ड म्हणतात. या नियमात रस्त्यावरच्या वाहनाची सारी कल्पना सामावलेली आहे. मैदानावरच्या गाडीत एकच माणूस गृहीत असतो, जोखीम त्याची आणि आनंदही त्याचा. रस्त्यावरच्या गाडीत मात्र मागे बसलेली स्त्री, समोरून येणारा सायकलस्वार, खिडकीत अभ्यास करणारा विद्यार्थी हे सारे गृहीत धरावे लागतात.

ज्यांना हे मान्य नसते ते आडवाट शोधतात. भंगारात गेलेल्या एखाद्या जुन्या मोटारसायकलीचे कागद घ्यावयाचे, तिचा क्रमांक नव्या सांगाड्यावर लावावयाचा, प्रसंगी चासीवरचे आकडे घासून पुन्हा ठोकावयाचे. हा आता हौसेचा विषय राहत नाही, तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होतो. पदवीच्या उंबरठ्यावरील मुलाने एका गाडीपायी आपल्या नावावर फौजदारी खटला ओढवून घ्यावा, याहून महाग हौस कोणती?

टेकडीवर तरी मोकळीक आहे, असा एक समज असतो. तोही तपासून घ्यावा. कायद्यातील ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, त्या व्याख्येत येते. ज्या पायवाटेवर पहाटे निवृत्त शिक्षक फिरावयास जातात ती पायवाट शर्यतीचे बंदिस्त मैदान नव्हे. आणि जेथे वनखात्याची हद्द लागते तेथे वनकायदाही आडवा येतो.

कायद्याला एक दार हवे

असे असले तरी सारा दोष तरुणांच्या पदरात टाकून मोकळे होणे बरोबर नाही. आपल्या व्यवस्थेत निर्मात्यासाठी दार आहे, मोठ्या आयातदारासाठी आहे. एका गाडीच्या प्रामाणिक मालकासाठी मात्र नाही. २०१८ साली केंद्र सरकारने, ठरावीक परदेशी मानके पूर्ण करणाऱ्या गाड्या मर्यादित संख्येने आणणाऱ्यांना येथील नमुना-तपासणीतून सूट दिली. म्हणजे थोड्या संख्येसाठी वेगळा नियम करता येतो, हे तत्त्व शासनाला मान्य आहे.

इतर देशांचा अनुभव संमिश्र आहे. ब्रिटनमध्ये एकेका दुचाकीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यासाठी मान्यता देण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना यांसारखी राज्ये दिवे, हॉर्न, आरसे आदी साधने बसविलेल्या डर्ट बाइकला क्रमांक देतात. कॅलिफोर्नियाने, जेथे शहरांतील धुराचा प्रश्न जुना आणि तीव्र आहे, हे दार जवळजवळ बंद केले आहे. विरळ वस्तीच्या प्रदेशाला जे परवडते ते दाट वस्तीला परवडत नाही, हा त्यातला बोध नवी मुंबईने घ्यावयाचा आहे.

आपल्याकडे याला जवळचे असे एक उदाहरण घरातच आहे. मुंबई परिसरातील रिक्षा-टॅक्सी या शतकाच्या आरंभी सीएनजीवर वळल्या, तेव्हा प्रत्येक टॅक्सी पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यावी लागली नाही. तपासणी झाली ती किटची. मान्यता मिळाली ती ते बसविणाऱ्या कार्यशाळेला. आणि बदलाची नोंद झाली ती गाडीच्या पुस्तकात. स्थिर खर्च वाटून घेण्याची ही दुसरी रीत होय. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुक घातले आहे, आणि त्यामुळे वाहनांतील बदलांसाठी मानके व अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. त्याचा उपयोग करून नोंदणी झालेल्या मोटारसायकलींसाठी मान्यताप्राप्त सस्पेन्शन, टायर आणि सायलेन्सर यांची यादी करता येईल. मुळातच नोंदणी नसलेल्या गाडीसाठी मालकाच्या पूर्ण खर्चाने एकेरी तपासणीची खिडकी उघडता येईल. तो खर्च मोठा असेल आणि तो मोठाच असावा. पण ‘नाही’ हे एकच उत्तर ऐकणाऱ्या प्रामाणिक माणसाला निदान ‘एवढ्याला’ असे उत्तर मिळेल. दाराला कुलूप घातले की खिडकीतून उडी मारणारे वाढतात, हा जकातीपासून रेशनपर्यंतचा अनुभव आहे.

दुसरा उपाय नगररचनेचा. सिडकोने खारघरच्या खोऱ्यात गोल्फचे मैदान उभारले. मग बंद पडलेल्या एखाद्या दगडखाणीच्या जागी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तिकीट लावून, मातीतल्या मोटारसायकलींसाठी बंदिस्त मैदान का नसावे? खेळाला प्रतिष्ठा मिळू लागली आहे. २०१५ साली सी. एस. संतोष डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. जानेवारी २०२४ मध्ये हरिथ नोआने त्याच रॅलीत एका गटाचे विजेतेपद मिळविले. त्याच महिन्यात पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. जो खेळ मैदानावर टाळ्या मिळवितो त्याला मैदानच न दिल्यास तो रस्त्यावर उतरणार.

हे होईल तेव्हा होईल. तोवर त्या विद्यार्थ्यापुढे दोनच सरळ मार्ग उरतात. गाडी मातीचीच ठेवावी, टेम्पोत घालून बंदिस्त मैदानावर न्यावी आणि भाडे हा हौसेचाच भाग समजावा. किंवा ती विकून कारखान्यातूनच दुहेरी उपयोगासाठी निघालेली गाडी घ्यावी. पाच-सात वर्षांपूर्वी ही निवड फार तोकडी होती. आता एक्सपल्स आहे, रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे, कावासाकीने केएलएक्स २३० ही रस्त्याची गाडी आणली आहे, आणि २०२५ मध्ये आलेली केटीएमची ३९० एन्ड्युरो आर आपल्या चाकणलाच बनते. या गाड्या शर्यतीच्या गाडीइतक्या चपळ नाहीत, हे खरे. वजन अधिक, सायलेन्सर मुका, मागे क्रमांकाची पाटी. पण त्या वाढीव वजनातच दिवा आहे, ब्रेक आहे, विमा आहे आणि अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. वडिलांनी कागद मागितले ते बहुधा याच शब्दासाठी.